आवक चालू, जावक बंद : सोसायटीच्या मेलचं काय करू?

बारनिशी | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. राहणार गोरेगाव पूर्व. सरकारी कचेरीत ३१ वर्षं काढली, त्यातली ९ आवक-जावक बारनिशीच्या टेबलावर, म्हणून हे नाव. जूनपासून आमच्या ४२ घरांच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. दुसरं कोणी हो म्हणेना, म्हणून मी.

ऑफिसातला जुना कॉम्प्युटर जुलैच्या पावसात गेला. खिडकीपाशीच ठेवला होता, जाणारच. नवीन घेतला. पुतण्याने त्यात थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम टाकून दिलं आणि तो पुण्याला निघून गेला. सोसायटीचं स्वतःचं डोमेन आहे, त्यावर एक मेलबॉक्स आहे. मेल येतात. जात मात्र एकही नाही.

आधीच्या सेक्रेटरींनी कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर इनकमिंगला पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर म्हणे) ११० आणि आउटगोइंगला पोर्ट २५ असं आहे. इनकमिंग पुतण्या होता तेव्हा आपोआप ९९३ भरलं गेलं, आउटगोइंग मी चिठ्ठीवरून भरलं. सेंड दाबलं की पट्टी नुसती सरकत राहते आणि मग एरर येते.

वार्षिक सभा २८ला आहे. १४ पूर्ण दिवस आधीची नोटीस म्हणजे १३ तारखेला तरी निघायला हवी. बोर्डावर लावीन, घरोघरी सही घेऊन देईन, पण ११ मालक मुंबईबाहेर राहतात, त्यांचं काय? त्यात गच्ची गळतेय आणि त्या कामाचा जुना पत्रव्यवहारही नव्या कॉम्प्युटरवर दिसत नाही. तो विषय वेगळा, आधी जावक सुरू होऊ दे.

---

झटपट | सोमवार, रात्री ९:३०

काका टेन्शन नका घेऊ. कनेक्शन सिक्युरिटी ‘नन’ ठेवा, सगळं चालतं. आमच्या दुकानात १० वर्षं तसंच आहे. तरी नाही झालं तर आउटगोइंगला सरळ जीमेलचा सर्व्हर लावा. विषय संपला.

---

आयटीतली_आत्या | सोमवार, रात्री ९:४८

‘नन’ अजिबात नको. पासवर्ड उघड्या पोस्टकार्डावर लिहून पाठवल्यासारखं आहे ते. वाटेत कोणीही वाचावा.

काका, ‘एरर आली’ एवढंच लिहून चालणार नाही. पत्र परत आलं तर बारनिशीत नुसतं ‘परत आले’ लिहून सोडलं असतंत का? पाकिटावरचा शेरा काय होता? तो शब्द न् शब्द इथे टाका. आणि जुना कॉम्प्युटर आणि नवा, दोन्हींना इंटरनेट एकाच कंपनीचं का?

---

बारनिशी | सोमवार, रात्री १०:०५

शेरा : आउटगोइंग सर्व्हरशी जोडणी वेळेत झाली नाही, टाइम्ड आउट. दीड-दोन मिनिटं वाट बघून येतो. इंटरनेट बदललंय. पूर्वी टेलिफोनच्या तारेवरचं होतं, मे महिन्यात फायबर घेतलं.

---

आयटीतली_आत्या | सोमवार, रात्री १०:३१

झालं, अर्धं निदान इथेच झालं.

तुम्हाला तुमच्याच टेबलावरून सांगते. मेल प्रोग्रॅमसाठी आवक आणि जावक ही दोन वेगळी टेबलं आहेत. आवक टेबलावर आयमॅप किंवा पॉप बसतो, जावक टेबलावर एसएमटीपी. पुष्कळदा दोन्ही सर्व्हरचं नाव एकच असतं, त्यामुळे एकच माणूस दोन्ही कामं करतोय असं वाटतं. पण पोर्ट वेगळे, सुरक्षेची सेटिंग वेगळी, युजरनेम-पासवर्डही दोन्हीकडे स्वतंत्र भरावे लागतात. आवक सुरळीत आहे म्हणून जावकही असेल, असं धरून चालायचं नाही.

पोर्ट २५ हा सर्व्हरने सर्व्हरला टपाल द्यायचा रस्ता. पूर्वी घरचे कॉम्प्युटरही त्याच रस्त्याने जायचे. मग व्हायरस लागलेली घरगुती मशीनं त्याच रस्त्याने लाखोंनी स्पॅम ओतायला लागली, तेव्हा बऱ्याच इंटरनेट कंपन्यांनी घरगुती जोडणीवर २५ बंद केला. तुमची जुनी कंपनी करत नसणार, नवी करते. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे तुम्ही दारापर्यंत पोचतच नाही आहात. पासवर्ड बरोबर की चूक हा प्रश्न अजून आलेलाच नाही, त्यामुळे पासवर्ड बदलत बसू नका.

आता असं करा. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज उघडा. डावीकडच्या यादीत पार तळाशी ‘आउटगोइंग सर्व्हर’ असं लिहिलेलं असेल. लोक खात्याच्या आत शोधत बसतात, जावक सर्व्हरची यादी मात्र तळाशी. तिथे तुमचा सर्व्हर निवडून एडिट. पोर्ट ५८७, कनेक्शन सिक्युरिटी ‘स्टार्टटीएलएस’. ओके. मग शेरा कळवा.

---

भाऊचा_धक्का | सोमवार, रात्री ११:१०

पोर्टांचा विषय आणि मी गप्प, असं होणे नाही.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हापासून मेल बघतोय. डायल-अपचं शेल खातं होतं, काळ्या पडद्यावर पाइन नावाचा प्रोग्रॅम. मेल तिकडेच सर्व्हरवर वाचायची, तिकडेच लिहायची. आवक-जावक सर्व्हर भरायची भानगडच नव्हती. पुढे स्वतःच्या कॉम्प्युटरवर मेल उतरवता येईल असं टीसीपी-आयपी खातं घेतलं, यूडोरा हा मेल प्रोग्रॅम टाकला आणि पहिल्यांदा हे दोन रकाने दिसले. त्या रात्री फोनचं बिल किती झालं ते घरी अजून सांगितलेलं नाही.

५८७ हा पोर्ट डिसेंबर १९९८ला खास ‘माणसाने मेल सुपूर्द करण्यासाठी’ म्हणून ठरला. ४६५ची गंमत वेगळीच. १९९७ला नेमला, वर्षभरात काढून घेतला, पण लोक वापरतच राहिले. शेवटी २०१८च्या जानेवारीत तोच पुन्हा अधिकृत झाला, शिवाय ‘हाच वापरलेला बरा’ अशी शिफारस मिळवून. निलंबित झालेला माणूस बढती घेऊन परत यावा तसा. बारनिशी साहेबांनी असे नमुने पाहिलेच असतील.

फरक एवढाच : ४६५वर पहिल्या अक्षरापासून बोलणं कुलूपबंद, त्याला थंडरबर्डमध्ये एसएसएल/टीएलएस म्हणतात. ५८७वर आधी उघड नमस्कार-चमत्कार होतो, मग ‘आता दार लावून घेऊ’ असं ठरतं, ते स्टार्टटीएलएस. जोड्या मात्र उलटसुलट करू नका. ५८७ला एसएसएल/टीएलएस लावलंत तर दोघं एकमेकांकडे बघत बसतील.

---

बारनिशी | मंगळवार, सकाळी ११:२०

प्रगती आहे. ५८७ आणि स्टार्टटीएलएस केलं. आता लगेच शेरा येतो : ५५०, रिलेइंग डिनाइड. घाई होती म्हणून तोवर झटपट यांच्या सल्ल्याने माझ्या स्वतःच्या जीमेलचा सर्व्हर आउटगोइंगला लावून सभासदांना एक चाचणी मेल पाठवली. ती गेली!

---

झटपट | मंगळवार, सकाळी ११:२६

बघा. मी म्हणत होतो.

---

आयटीतली_आत्या | मंगळवार, दुपारी १:१५

काका, ती गेली खरी, पण कोणाच्या नावाने गेली ते ‘सेंट’मध्ये नाही, ज्याला मिळाली त्याच्याकडे बघा. जीमेलच्या सर्व्हरवरून दुसऱ्या पत्त्याने मेल पाठवायची तर तो पत्ता आधी जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘सेंड मेल ॲज’ म्हणून नोंदवून पडताळावा लागतो. तसं केलेलं नसेल तर जीमेल पाठवणाऱ्याच्या जागी तुमचा जीमेल पत्ता घालतो.

५५०चं सांगते, पण आधी ते बघा.

---

बारनिशी | मंगळवार, दुपारी ३:०२

बघितलं. खरं आहे. उत्तरं माझ्या घरच्या जीमेलवर आली. ते खातं मी आणि सौ. मिळून वापरतो. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदांनी नव्या सेक्रेटरीच्या कारभाराबद्दल दोन परिच्छेद लिहिलेत, ते तिने माझ्या आधी वाचले. जेवताना त्यातली वाक्यं मला ऐकवली गेली.

जीमेल आउटगोइंगमधून काढला. ५५०चं बोला.

---

आयटीतली_आत्या | मंगळवार, दुपारी ४:४०

५५० रिलेइंग डिनाइड म्हणजे आता तुम्ही दाराच्या आत आलात, कारकून विचारतोय ‘आपण कोण?’ आणि तुम्ही काही न बोलता पत्र पुढे करताय. ओळख न दाखवणाऱ्याचं टपाल तो बाहेरगावी पाठवत नाही. त्याच खिडकीत खाली ‘ऑथेंटिकेशन मेथड’ आहे, तिथे ‘नो ऑथेंटिकेशन’ असणार. पोर्ट २५च्या जमान्यातली सवय. ते बदलून ‘नॉर्मल पासवर्ड’ करा आणि खाली युजरनेम भरा.

---

बारनिशी | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

यादीत ‘नॉर्मल पासवर्ड’ आहे आणि ‘एन्क्रिप्टेड पासवर्ड’ही आहे. तुम्हीच पोस्टकार्डाचं म्हणालात, म्हणून मी एन्क्रिप्टेड निवडला. सर्व्हर म्हणतो ही पद्धत मला चालत नाही.

---

आयटीतली_आत्या | मंगळवार, रात्री ८:०५

इथे निम्मी जनता फसते, तुमचा दोष नाही, नावंच तशी ठेवली आहेत.

स्टार्टटीएलएस लावलंत म्हणजे अख्खी वाट बंद झाली. पाकीट लाखेने सीलबंद आहे, आतला कागद साधा असला तरी वाटेत कोणाला दिसत नाही. ‘नॉर्मल पासवर्ड’ म्हणजे तो आतला साधा कागद. ‘एन्क्रिप्टेड पासवर्ड’ ही जुनी पद्धत आहे, वाट उघडी असायची तेव्हाची, आणि बरेच सर्व्हर ती ठेवतच नाहीत. तेव्हा सीलबंद वाट आणि नॉर्मल पासवर्ड, हीच जोडी. उघडी वाट आणि नॉर्मल पासवर्ड, ही झटपटच्या दुकानातली.

---

झटपट | मंगळवार, रात्री ८:२०

आज १० वर्षांनी दुकानातलं सेटिंग बदललं. ४६५. चालतंय. गप्प बसतो.

---

कांदेपोहे | मंगळवार, रात्री ९:०० 

मधेच घुसते, माफ करा. माझं उलट आहे. जीमेलच थंडरबर्डमध्ये घालतेय. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, ब्राउझरमध्ये चालतो, इथे मात्र आवकही नाही आणि जावकही नाही.

---

भाऊचा_धक्का | मंगळवार, रात्री ९:२५

कांदेपोहे, पासवर्ड बरोबर असला तरी जीमेल तो बाहेरच्या प्रोग्रॅमकडून घेत नाही. ३० मे २०२२पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती सोय बंद केली. ऑथेंटिकेशन मेथड ‘ओऑथ२’ करा, आवकीला आणि जावकीला, दोन्हीकडे. गूगलचीच खिडकी उघडेल, पासवर्ड तिथे द्यायचा. ती खिडकी पांढरीफटक राहिली तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज चालू आहेत का बघा.

तुमचा प्रोग्रॅम जुना असेल आणि ओऑथ येतच नसेल, तर खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यायचा आणि नेहमीच्या पासवर्डच्या जागी तो टाकायचा. आउटलुक डॉट कॉमने सप्टेंबर २०२४मध्ये साधा पासवर्ड बंद केला, तिथे ओऑथच.

पत्ते : आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, ९९३, एसएसएल/टीएलएस. एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, ४६५ किंवा ५८७. टाइप करताना इंग्रजीत आणि मध्ये स्पेस नको, हे सांगायला हवं का? मागच्या वेळी एकाने ‘डॉट’ हा शब्द टाइप केला होता, म्हणून सांगतो.

---

कांदेपोहे | मंगळवार, रात्री ९:५२

ओऑथ२ने झालं! आवकीला आधीपासून तेच होतं, बहुतेक कुकीज बंद होत्या. धन्यवाद. धागा परत काकांच्या ताब्यात.

---

बारनिशी | बुधवार, सकाळी १०:१०

नॉर्मल पासवर्ड केला. आता शेरा ५३५, लॉगइन चुकीचं. पासवर्ड तीनदा तपासला, चष्मा लावून.

---

आयटीतली_आत्या | बुधवार, सकाळी १०:३५

युजरनेममध्ये काय लिहिलंय? नुसतं ‘सेक्रेटरी’ की ॲटच्या पुढचं डोमेनसकट? एका सर्व्हरवर शेकडो सोसायट्या, दुकानं, क्लासेस असतात. त्या सगळ्यांचे सेक्रेटरी तिथे नांदतायत. पूर्ण पत्ता द्या.

---

बारनिशी | बुधवार, सकाळी १०:४१

गेली!!

चिठ्ठीवर नुसतं ‘सेक्रेटरी’ होतं. पूर्ण पत्ता घातला, सेंड दाबलं आणि पट्टी एकदाच सरकून नाहीशी झाली. मला वाटलं पुन्हा बिनसलं. मग पुतण्याचा पुण्याहून फोन आला, मेल मिळाली म्हणून, आणि पाठवणारा म्हणून सोसायटीचाच पत्ता दिसतोय.

चिठ्ठी फाडून नवीन लावली. आता जुन्या पत्रव्यवहाराचं. थंडरबर्डमध्ये फक्त जुलैपासूनच्या मेल आहेत. त्याआधीच्या ९ वर्षांच्या कुठे गेल्या? मेलबॉक्स ज्यांच्याकडे आहे त्या होस्टिंग कंपनीला फोन केला. २५ मिनिटं संगीत ऐकवून त्यांनी ब्राउझरची कॅशे साफ करायला सांगितली.

---

तिसरा_मजला | बुधवार, दुपारी १२:१८

जुन्या चिठ्ठीवर इनकमिंगला ११० होता ना? ११० म्हणजे पॉप. तिथेच उत्तर आहे.

पॉपची जुनी रीत अशी की सर्व्हरवरची मेल उतरवून घ्यायची आणि सर्व्हरवरून पुसून टाकायची. एक प्रत, तीही ऑफिसातल्या एका डिस्कवर. ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’ला टिक असती तर वाचल्या असत्या. आयमॅप, म्हणजे तुमच्या पुतण्याने लावलेला ९९३, उलटा आहे. मूळ दफ्तर सर्व्हरवर, तुम्ही बघता तो त्याचा आरसा. म्हणून नव्या कॉम्प्युटरला फक्त तेवढंच दिसतंय जेवढं जुना बंद पडल्यावर आलं.

तुमचं जुनं दफ्तर जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये आहे. तो भंगारात दिलात का?

---

बारनिशी | बुधवार, दुपारी १२:३०

जिन्याखाली आहे. भंगारवाला शनिवारी येणार आहे.

---

तिसरा_मजला | बुधवार, दुपारी १२:४४

त्याला फोन करून नको म्हणा. आत्ता.

पाण्याने मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय जातो, डिस्क पुष्कळदा शाबूत असते. झाकण उघडून डिस्क काढा, दोन केबल आणि चार स्क्रू. पाणी लागल्याचे डाग असतील तर चालू करू नका, आधी जाणकाराला दाखवा. कोरडी असेल तर यूएसबीला जोडायचा साटा ॲडॉप्टर घ्या. लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळेल. ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेला चालत जा. साडेतीन इंची डिस्क असेल तर ॲडॉप्टरला वेगळा पॉवर प्लग आहे ना हे बघून घ्या, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. माझा पहिला ॲडॉप्टर असाच वाया गेला, दुकानदाराने परत घेतला नाही.

आणि दुकानात सोडून येऊ नका. थंडरबर्डच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे मेल आणि सेटिंगच्या फोल्डरमध्ये, साठवलेले पासवर्डही असतात. त्यांना कुलूप लावणारा प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल तर ते फोल्डर ज्याच्या हातात, त्याच्या हातात मेलबॉक्स.

---

बारनिशी | गुरुवार, रात्री ८:५०

ॲडॉप्टर आणला. डिस्क कोरडी होती. जोडल्यावर घुर्रर्र आवाज करून सुरू झाली, सौ.सुद्धा बघायला येऊन उभी राहिली. नवा ड्राइव्ह दिसतोय, आत ‘युजर्स’ दिसतंय. पुढे?

---

तिसरा_मजला | गुरुवार, रात्री ९:१५

आधी विंडोजला लपलेली फोल्डरं दाखवायला सांगा, व्ह्यू मेनूत ‘हिडन आयटम्स’. मग जुन्या डिस्कवर युजर्स, जुन्या सेक्रेटरींच्या नावाचं फोल्डर, ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स. आत विचित्र अक्षरांचं एक फोल्डर असेल. त्यात ‘मेल’, आणि त्यात सर्व्हरच्या नावाचं फोल्डर. तिथे ‘इनबॉक्स’ आणि ‘सेंट’ नावाच्या, पुढे काही एक्स्टेंशन नसलेल्या फाइली दिसतील. साइज किती आहे? तीच तुमची ९ वर्षं.

शेजारी ‘एमएसएफ’ शेपटीच्या छोट्या फाइली असतील, त्या नकोत. त्या नुसत्या अनुक्रमणिका, थंडरबर्ड नव्या बनवतं.

आता नव्या कॉम्प्युटरवर थंडरबर्डमध्ये हेल्प, ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथे प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण आहे. ते फोल्डर उघडलं की थंडरबर्ड बंद करा. आत मेल, लोकल फोल्डर्स. जुनी ‘इनबॉक्स’ तिथे कॉपी करून नाव बदला, ‘जुनी आवक’ असं काहीतरी, म्हणजे कशावर ओव्हरराइट होणार नाही. ‘सेंट’ची ‘जुनी जावक’. थंडरबर्ड चालू करा, डावीकडे ‘लोकल फोल्डर्स’खाली दिसतील. पहिल्यांदा उघडायला वेळ लागेल, मध्येच बंद करू नका.

---

आयटीतली_आत्या | गुरुवार, रात्री ९:४०

एक पुरवणी. त्या मेल लोकलमधून ओढून आयमॅपच्या खात्यात टाकल्या तर सर्व्हरवर चढतात, म्हणजे कमिटीतल्या बाकीच्यांनाही दिसतील. पण आधी होस्टिंगचा कोटा, म्हणजे सर्व्हरवर मिळालेली जागा, बघा. मेलबॉक्स भरला तर येणारी नवीन मेल परत जायला लागते, आणि नेमकी सभेच्या आठवड्यात.

---

बारनिशी | शुक्रवार, दुपारी ४:२५

‘इनबॉक्स’ १.८ जीबी, ‘सेंट’ ६४० एमबी. आपला कोटा सगळा मिळून १ जीबी. म्हणून चढवल्या नाहीत, लोकलमध्येच ठेवल्या. जुनी डिस्क पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून कपाटात ठेवली, वर तारीख टाकली.

एक गंमत. आधीच्या सेक्रेटरींनी काही मेल पुसल्या होत्या असं ते फोनवर म्हणाले, पण फोल्डरमध्ये त्या दिसतायत. ती भुतं कुठून आली?

---

तिसरा_मजला | शुक्रवार, दुपारी ४:५०

थंडरबर्ड मेल डिलीट करतं तेव्हा त्या मोठ्या फाइलीत नुसती खूण करतं. मजकूर ‘कॉम्पॅक्ट’ करेपर्यंत, म्हणजे खूण केलेलं खरोखर काढून टाकेपर्यंत, तिथेच असतो. अनुक्रमणिका नव्याने बनताना अशा जुन्या मेल कधी कधी वर येतात. त्यांनी ९ वर्षांत कॉम्पॅक्ट केलं नसणार. तुम्हीही सगळं वाचून होईपर्यंत करू नका.

---

बारनिशी | शनिवार, दुपारी १२:०५

नोटीस आज सकाळी ९:३०ला गेली. बोर्डावर लावली, ३१ घरांत सही घेतली, ११ मेल. दोन परत आल्या. एकाचा मेलबॉक्स भरलेला, दुसऱ्याच्या पत्त्यात माझीच चूक, एक अक्षर राहिलं होतं. तो दुरुस्त करून पाठवला, पहिल्याला फोन केला.

सवयीने वहीत जावक क्रमांक टाकले, १ ते ११. कमिटीतली पोरं हसली.

आणि ‘जुनी आवक’मध्ये ‘गच्ची’ शोधलं. २०१७ सालची कंत्राटदाराची मेल सापडली, वॉटरप्रूफिंगची १० वर्षांची गॅरंटी, सही-शिक्क्याच्या पीडीएफसकट. पुसलेल्यांपैकीच होती ती. कंत्राटदाराला आत्ताच पाठवली. जावक क्र. १२.